मुनव्वरच्या नावाचे तीन फोटो

"श्वास घ्या… आता धरून ठेवा…"

मुनव्वरला श्वास धरता आला नाही. आत गेला न गेला तोच खोकला होऊन बाहेर आला, आणि यंत्राच्या पाटीला छाती टेकवून उभा असलेला तो पस्तिशीचा माणूस त्याच पाटीला धरून हळूहळू खाली बसला. काचेआडून दामिनी धावत आली. काखेत हात घालून त्याला उठवताना तिला वाटलं, आपण माणूस नाही, दोरीवर वाळत घातलेला सदरा उचलतोय.

"राहू द्या भाऊ. बसून काढू."

"ताई, तुमी दरसाली म्हनता, धरा, धरा." तो हसला. हसण्यालाही दम लागला. "मी कधी धरला म्हना तुमच्यापुढं."

दामिनीनं पटकन दाराकडं पाहिलं. दाराबाहेर त्याची बायको नसीमबानो पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिनं ऐकलं नव्हतं.

फोटो पडद्यावर आला. अमरावतीच्या या एक्स-रे सेंटरमध्ये दामिनीला नऊ वर्षं झाली होती. डॉक्टरांनी सांगायच्या आधी तिला कळायचं, फक्त सांगायचा हक्क तिचा नव्हता. दोन्ही फुप्फुसांत वरपासून मधापर्यंत पांढरे ठिपके. पाखडताना वाऱ्यानं उधळलेला ज्वारीचा चुरा अंगणभर बसावा, तसे. आणि त्यांच्यावर, गळ्याखाली, दोन आडवी हाडं. दोन्ही सरळ. कुठं वाक नाही, गाठ नाही.

तिला त्या सरळ हाडांचीच जास्त भीती वाटली.

*

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका मोठ्या शेडमध्ये नव्या जीन्स जुन्या करायचं काम चाले. कोऱ्या, करकरीत, निळ्या पँटीवर नळीनं वाळू मारायची. मांडीवर, गुडघ्यावर, खिशाच्या कडेला. जिथं माणूस वापरून वापरून कापड विटवतो, नेमकं तिथं. चार वर्षांचं बसणं-उठणं चार मिनिटांत कापडावर उतरे. ती वाळूची खोली मुनव्वरची होती. तोंडाला रुमाल, डोळ्याला चष्मा, आणि संध्याकाळी बाहेर आला की भुवयांपर्यंत पांढरा. गेटवरचे लोक म्हणत, "आला पाहा, म्हातारा नवरदेव."

दर फेब्रुवारीत सेंटरची एक्स-रे गाडी शेडसमोर लागे. तीन तासांत साठ माणसं. नियम होता, वाळूचं काम चालतं त्या शेडमधल्या प्रत्येकाच्या छातीचा फोटो वर्षातून एकदा काढायचा. तो कुणी कुणाला दाखवायचा, हे मात्र त्या शेडमध्ये ठरलेलं होतं. रिपोर्टांचा गठ्ठा थेट ऑफिसात जाई. ज्याची छाती, त्याला कागद दिसत नसे. त्याला कळायचं ते गेटवर. एका वर्षी जानराव नावाच्या माणसाच्या फोटोत डाग निघाला. कुणी त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा पासच चालला नाही. डबा हातात घेऊन तो दुपारपर्यंत गेटबाहेर उभा होता.

तेव्हापासून शेडमधल्या माणसांनी आपली एक रीत पाडली. ज्याला खोकला, तो फोटोला उभा राहत नसे. त्याच्या जागी, त्याचा पास घेऊन, दुसरा चांगल्या छातीचा उभा राही.

दामिनीला ते कळलं ताइतावरून. मुनव्वरच्या नावाचा पास घेऊन एक जण गाडीत चढला. तिनं कागदावर नाव पाहिलं आणि सवयीनं म्हणाली, "गळ्यातला ताईत काढून ठेवा."

"मी कायले ताईत घालू, ताई? मी तं…" तो बोलता बोलता थांबला. मागच्या दहा मिनिटांतच हा माणूस नागसेन म्हणून येऊन गेला होता. तेव्हा सदरा पांढरा होता, आता चौकड्याचा, इतकंच. आणि त्याच्या डाव्या गळ्याखालचं हाड लहानपणी बैलगाडीवरून पडून मोडलेलं, वाकडंच जुळलेलं; पडद्यावर ते हाड दहा मिनिटांत दोन नावांनी दिसलं.

गाडी निघायच्या वेळी मुनव्वर चाकाआड येऊन उभा राहिला होता. "ताई, जास्त नाई, थोडासाच खोकला हाये. थंडीचा. जानरावसारखं झालं तं मी पोरीले काय सांगू? आमची हीना सातवीत हाये."

नागसेन पॅकिंगमध्ये होता, वाळूपासून लांब. दोघं नांदगावात एका खोलीत राहत. तो मागून म्हणाला, "ताई, एका हाडाचे दोन फोटो निंगले तं काय बिघडते? तुमच्या मशीनले काय जड झालं?"

दामिनी हसली होती. हसून तिनं दोन्ही फोटो पाठवून दिले. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्याही. आपण कुणाचं तरी पोट वाचवतोय, असं तिला वाटायचं. तीन वर्षं मुनव्वरच्या नावापुढं नागसेनची छाती लागत गेली, स्वच्छ, काळीभोर, पाऊस पडून गेलेल्या वावरासारखी. आणि खरी छाती रुमालामागं वाळू पीत राहिली.

*

"ताई, मले ते तीन फोटो पायजेत," नसीमबानो काउंटरवर वाकून म्हणाली. मुनव्वर बाकावर डोळे मिटून बसला होता. "कंपनीवाले. साल-साल के. कागद झूट बोलन, फोटो नाई. अकोल्याले डाक्टर लोकायची कमेटी बसनार हाये. थे ठरवते, हा दम कुठं गेला."

जून महिन्यात मुनव्वरनं काम सोडलं होतं. म्हणजे जिना चढवेना म्हणून घरी गेला होता. घर अचलपूरला. तिथं दोन महिने त्यानं परतवाड्यात फरशी कापायच्या दुकानात बसून पाहिलं, मग तेही सुटलं. कंपनी म्हणत होती, आमच्याकडून गेला तेव्हा छाती साफ होती, कागद पाहा. जे झालं ते फरशीच्या दुकानात झालं.

"दोन महिन्यात कोनाचा दम जाते का, ताई?" नसीमबानो म्हणाली. "मोहल्ल्यात म्हनते, टीबी हाये, लपवून राहिले. आमच्या घरचं पानी नाई पीत कोनी. हीना शिकवनीत बसते तं बाजूची पोरगी चटई सरकवून घेते. मले इनाम नको. कागदावर एवढं लिहून द्या म्हना, का ह्या मानसानं काम केलं, अन् कामानं ह्याले खाल्लं. थो कागद मी दारावर लावीन."

दामिनीनं तिच्याकडं पाहिलं नाही. "अर्ज द्या. मिळतील," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती डॉक्टर अंकुर यांच्या खोलीत गेली. सेंटर त्यांचं होतं, रिपोर्टांवर सही त्यांची. तिनं सगळं सांगितलं, ताइतापासून हाडापर्यंत. डॉक्टरांनी मुनव्वरच्या नावाचे फोटो पडद्यावर लावले. तिन्ही फोटोंत वाकडं हाड होतं. तिन्ही रिपोर्टांत एकच ओळ होती: छाती सामान्य.

"साठ फोटो एका बैठकीत," ते शेवटी म्हणाले. "मी फुप्फुसं पाहत होतो, दामिनी. हाडं कोण पाहतं?"

"सर, आता दुरुस्त करता येईल का? लिहून देऊ, की हे फोटो त्याचे नाहीत."

"कंपनीनं या नोंदी कमिटीत दिल्यात. आता मी अक्षर बदललं तर फेरफार. आणि तू लिहून दिलंस तर पहिला प्रश्न तुलाच, तीन वर्षं माहीत होतं तर गप्प का होतात बाई?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "नोंदींबरोबर एक प्रमाणपत्र लागेल. या प्रतिमा याच रुग्णाच्या, यात बदल नाही. मशीन तू चालवलंस. सही तुझी."

"आणि मी नाही केली तर?"

"तर खरं सांग. मी अडवणार नाही. पण ज्याचा फोटो आहे त्याला एकदा विचार. रुग्णाची गोष्ट त्याला न विचारता चारचौघांत सांगायची नाही, एवढं तरी आपण शिकलोय ना?"

कुणाला विचारायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ज्याचं नाव त्याला, की ज्याची छाती त्याला.

*

सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं अचलपूरला गेली. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. तिची आई तेल्हाऱ्याकडं वेचणीला जायची तेव्हा गुणगुणायची ती ओळ तिला आठवली. दुसरी आठवेना, तर आपली आपणच जुळत गेली:

बोंडं उकलली बाई, रानी चांदनं सांडलं
दादा, तुह्या उरामंदी, कोनं पांढरं मांडलं

मुनव्वर अंगणात बाजेवर तीन उशांना टेकून बसला होता. नसीमबानो रेशनला गेली होती. दामिनीनं सरळ विचारलं.

"भाऊ, मी कमिटीपुढं खरं सांगू का? ते फोटो तुमचे नाहीत, एवढं सिद्ध झालं तर कंपनीचा कागद खोटा पडतो."

"मंग कोनाचे म्हनून सांगसान?"

दामिनीनं बाजेवरची घसरलेली उशी सरळ केली.

"पाहा ताई. नागसेन औंदा पक्का झाला. लग्नाले सात सालानं त्याच्या घरी पाळना हालनार हाये. त्याचं नाव आलं का उद्या गेट बंद. वरतून पोलीस. अन् हे काम त्यानं केलं नाई. मी करवलं. त्याच्या हातापाया पडून."

"तुमच्यासाठी तो सांगायला तयार असेल."

"असीन ना! थो तं वेडाच हाये." मुनव्वर हसला, आणि खोकल्यानं त्याला मिनिटभर बोलू दिलं नाही. "म्हनूनच तं सांगून राहिलो. त्याले इचारू नका. नसीमले सांगू नका. तिले कळलं तं ती आजच्या आज त्याच्या दारात जाऊन उभी राहीन."

"आणि तुमच्या पोरीचं काय? तिची चटई सरकवतात, भाऊ."

हे बोलायला नको होतं. त्याचा चेहरा सदऱ्यासारखा चुरगळला. मग तो म्हणाला, "मी वाचत नाई, ताई. हे तुमच्या फोटोत दिसते, मले मालूम हाये. मेलेल्याच्या कागदासाठी जित्त्याचा घास नका हिसकू. फोटो माह्या नावाचे, दम माहा, अन् झूट बी माहीच. तुमी फक्त जपून ठेवा. थेच काम हाये ना तुमचं?"

नसीमबानो परतली. दामिनीला पाहून तिचा चेहरा उजळला. "फोटो आनले का, ताई?" तिनं चहा टाकला, आणि कप पुढं करताना हात जरा मागं घेतला. "आमच्या घरचा घेसान ना?"

दामिनीनं दोन कप घेतले.

*

अकोल्यात कमिटीची खोली वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. नागसेननं मुनव्वरला पाठीवर घेतलं. मागून नसीमबानो ऑक्सिजनचं नळकांडं पोटाशी धरून. दामिनी त्यांच्या मागं. ओझ्यानं नागसेनचा सदरा मागं ओढला गेला होता, आणि प्रत्येक पायरीला त्याच्या डाव्या गळ्याखाली ते वाकडं हाड वर येत होतं, खाली जात होतं. तिला वाटलं, आता कोणीही पाहील. चपराशी पाहील. पण लोक पाठीवरच्या माणसाकडं पाहत होते.

"का बे, जड झालो का?" मुनव्वरनं त्याच्या कानात विचारलं.

"तू? पिशवीत भाजी जास्त हाये."

आत तीन डॉक्टर होते, एक टायपिस्ट, आणि कंपनीचा माणूस. त्यानं तीन कागद मांडले. आवाज चांगला होता त्याचा. "दुःखद आहे साहेब, पण नोंद बोलते. तीनही वर्षं सामान्य. शेवटची नोंद नोकरी सोडण्याच्या चार महिने आधीची."

अध्यक्ष वयस्क होते. त्यांनी चष्मा काढून मुनव्वरकडं पाहिलं. "इतका आजार चार-सहा महिन्यांत होत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्यापुढं हे फोटो आहेत. हे तुमचेच ना?" त्यांनी शब्द जरा लांबवला, जणू नाही म्हणायला जागा करून दिली.

भिंतीला टेकून उभा असलेला नागसेन एक पाऊल पुढं आला. "साहेब, मी…"

मुनव्वरनं त्याचं मनगट धरलं. श्वास न धरता येणाऱ्या माणसानं मनगट मात्र असं धरलं की नागसेनची बोटं पांढरी पडली.

"माह्येच हायेत, साहेब," तो म्हणाला. "तवा छाती साफ होती माही."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावला. "बाई, तुम्ही काढलेत फोटो?"

"हो."

"याच माणसाचे?"

दामिनीपुढं प्रमाणपत्र सरकवलं गेलं. टायपिस्टचं यंत्र थांबलं. नसीमबानो तिच्याकडं पाहत होती, भरवशानं, ताई आपल्या बाजूची आहे म्हणून. दामिनीला आतून एकच शब्द ऐकू येत होता, तिचाच, दिवसातून शंभरदा म्हटलेला. धरा. धरून ठेवा. तिनं धरला. आणि सही केली.

नसीमबानोला ती सही आपल्याच बाजूची वाटली होती. खाली उतरल्यावर तिनं दामिनीचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमी आल्या म्हनून बरं झालं, ताई. आता होऊन जाईन ना?"

दामिनीनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिलाही कळलं नाही.

*

निकाल दोन ओळींचा आला. आजार नोकरीच्या काळात जडल्याचं उपलब्ध नोंदींवरून दिसत नाही. त्या फेब्रुवारीत गाडी शेडपुढं लागली तेव्हा नागसेन रांगेत एकदाच आला. फोटो काढून झाल्यावर सदरा घालताना म्हणाला, "ताई, पोरगी झाली." आणि तिच्याकडं न पाहता उतरून गेला.

मुनव्वर उन्हाळ्यात गेला.

श्रावणात नसीमबानो सेंटरवर आली. सोबत हीना होती, अंगानं उंच झालेली, बोलणं कमी झालेलं.

"ताई, थे तीन फोटो मले देता का? आता कमेटीसाठी नाई. घरी ठेवाले."

रीतसर अर्ज होता, मृत्यूचा दाखला जोडलेला, वारस म्हणून सही. नियमात सगळं बसत होतं. दामिनीनं फिल्म काढून दिल्या. नसीमबानोनं त्यातली एक खिडकीशी धरली. श्रावणातलं ओलं ऊन त्यातून आरपार आलं.

"पाह्य, हीना. अब्बा असे होते. आतून. पाह्य कसं साफ हाये, एक डाग नाई." तिचं बोट त्या काळ्या छातीवरून फिरत फिरत वर गेलं, गळ्याखाली, आणि वाकड्या हाडावर थांबलं.

"हे काय हो, ताई? हे हाड असं काहून?"

सेंटरमध्ये पंखा फिरत होता. बाकावर चार माणसं आपापल्या रिपोर्टांची वाट पाहत होती.

"लहानपणी कुठं पडले असतील," दामिनी म्हणाली.

"मले कधी सांगतलं नाई," नसीमबानो म्हणाली. सतरा वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एक दुखणं आपल्याला कळलं नाही, याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं. तिनं ते हाड बोटानं हलकेच चोळलं, दुखऱ्या जागी तेल चोळावं तसं, आणि फिल्म पाकिटात घातली.

*

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा गाडी. साठ माणसं, तीन तास. श्वास घ्या. धरा. सोडा. दुपार होत आली होती.

"नागसेन," दामिनीनं नाव पुकारलं.

पास घेऊन एक माणूस चढला. खाली मान, डोक्यावर टोपी. पाटीला छाती टेकवून उभा राहिला. तिनं बटण दाबलं, आणि फोटो पडद्यावर आला. स्वच्छ, काळाभोर. गळ्याखाली दोन आडवी हाडं होती.

दोन्ही सरळ.

तो पास हातात घेऊन ती गाडीतून खाली उतरली. शेडच्या सावलीत, पाण्याच्या टाकीआड, नागसेन उकिडवा बसला होता. भुवयांपर्यंत पांढरा. तिला पाहून त्यानं रुमाल तोंडावर दाबला, पण खोकला थांबायला तयार नव्हता.

"वाळूत केव्हा टाकलं तुला?"

"गेल्या चैतात. म्हने, तुह्या छातीचा रेकॉर्ड चांगला हाये, पाच साल साफ. तूच चाल." तो ओशाळवाणा हसला. "थंडीचा हाये, ताई. जास्त नाई."

"नागसेन, आत चल. तुझा खरा फोटो काढू. आत्ता काढला तर काही तरी करता येईल. मी स्वतः तुला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जाते."

"अन् उद्या गेटवर?"

शेडच्या दारातून सुपरवायझर इकडं पाहत होता. नागसेननं तिच्या हातातला आपला पास हळूच काढून घेतला.

"पोरगी चालाले शिकली, ताई," तो म्हणाला. "काल उंबरठा वलांडला तिनं." आणि उठून, भिंतीला हात लावत, वाळूच्या खोलीकडं निघाला.

गाडीत पुढचा माणूस चढला होता. दामिनी काचेआड जाऊन उभी राहिली. पडद्यावर अजून तीच छाती होती, नागसेनच्या नावाची. खाली यंत्र विचारत होतं, नोंद जतन करायची का.

"ताई," पाटीला छाती टेकवलेला माणूस म्हणाला, "मी कवाचा धरून ठेवला श्वास. सोडू का?"